वऱ्हाडचा कापूस आणि रुपयाचा भाव

'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण या काळ्या, कसदार भुईला उद्देशून कोणी तरी केली खरी. परंतु अमरावती-अकोल्याच्या दैवाची एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील घडामोड पाहिली, तर तिचे सूत्र सोन्यापेक्षा चांदीच्याच हाती अधिक होते असे म्हणावे लागते. मुळात हा मुलूख इंग्रजांच्या कबजात गेला तोच एका थकलेल्या हिशेबापायी. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा पगार निजामाच्या खजिन्यातून निघेना, कंपनी सरकारची उसनवार वाढत गेली, आणि १८५३ च्या तहनाम्याने वऱ्हाडचा वसूल त्या फौजेच्या खर्चाला लावून देण्यात आला. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने सालिना २५ लाख रुपयांच्या बदल्यात तोच मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला. कुळाने शेत गहाण टाकावे आणि ते परत न यावे, हा खेड्यापाड्यातला नित्याचा प्रकार. येथे सबंध सुभाच त्या वाटेने गेला.

रेल्वेपूर्वी अमरावतीची रुई बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला व तेथून गंगेच्या प्रवाहाने कलकत्त्याला जात असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि कापसाला कधी न ऐकलेला भाव आला. नागपूरचा लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला तोवर ते युद्ध संपलेही होते, पण पऱ्हाटीने ज्वारीच्या रानात पाय रोवला तो रोवलाच. बाजारात गाड्या सोडलेल्या असत, अडत्याच्या ओट्यापाशी दलाल आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो कास्तकार त्या उपरण्याच्या हालचालीकडे पाहत उभा राही. कारंज्याचा बाजार १८८६ साली नियमाखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला, आणि या गुप्त सौद्याला थोडा आळा बसला. मात्र रुपयाचाच भाव ज्या उपरण्याखाली ठरे, ते लंडनला होते.

१८७१ च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंगांचा असलेला चांदीचा रुपया, जर्मनीने चांदीचे चलन टाकल्यावर जगभर चांदी घसरली तिच्या पाठोपाठ उतरत, १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला, आणि २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. उतरत्या रुपयाने निर्यातदाराचे फावते, हे तर कोणीही व्यापारी सांगेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन विद्यापीठाच्या पदवीसाठी लिहिलेल्या आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात, केन्ससारख्या अर्थपंडिताने उचलून धरलेल्या सुवर्ण-विनिमय पद्धतीवर टीका करताना, याच्या पलीकडचा प्रश्न विचारला: हा नफा येतो कोठून? परदेशातून नव्हे, किमती आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते, आणि त्या मधल्या अवधीत मजुराच्या पदरचे मालकाच्या पदरी पडते. चलनशास्त्राच्या रूक्ष ग्रंथात निंदणाऱ्या-वेचणाऱ्या हातांचा असा हिशेब निघावा, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर १९२५ साली आंबेडकरांची साक्षही झाली. आयोगाने पूर्वीच्या सोळा पेन्सांऐवजी अठरा पेन्सांचा रुपया सुचविला, आयोगाचे सभासद पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत नोंदविले, आणि १९२७ च्या कायद्याने अठरा पेन्सच कायम झाले. लिव्हरपूलला एक पौंडास विकलेल्या कापसाचे पूर्वी १५ रुपये होत, ते आता १३ रुपये ५ आणे ४ पै झाले. शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र तितक्याच रुपयांचे राहिले. तेव्हा कास्तकाराची तक्रार खोटी नव्हती. ती अर्धी होती, इतकेच; मजुराचा हिशेब तिच्यात नव्हता.

१९२७ च्याच नोव्हेंबरात आंबेडकर अमरावतीस आले, ते अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून. हंगाम वेचणीचा होता. ज्यांच्या मजुरीचे गणित त्यांनी लंडनला मांडले होते, ती माणसे येथे देवळाच्या दाराबाहेर उभी होती.