चिंच, आंबुशी आणि साडेतेरा कॅरेटचं सोनं

परवा घरी गेलो तेव्हा आई देवघरातलं तांब्याचं ताम्हन चिंचेनं घासत बसली होती. काळपट पडलेलं ताम्हन दोन मिनिटांत लखलखीत. लहानपणापासून बघितलेली गोष्ट, पण या वेळी ट्यूब पेटली. कारण येताना बसमध्ये मी जुन्या दक्षिण अमेरिकेतल्या सोनारांबद्दल वाचत होतो. तेही साधारण हेच करायचे. फक्त त्यांच्या हातात शेवटी सोनं चमकायचं!

सांगतो.

कोलंबस पोचायच्या शेकडो वर्षं आधीपासून आजच्या कोलंबिया-पनामा भागातले कारागीर सोनं आणि तांबं मिसळून वस्तू घडवत. या मिश्रधातूला आज 'तुंबागा' म्हणतात. वाटतं तशी ही नुसती काटकसर नव्हती. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ ला. पण ८० टक्के सोन्यात २० टक्के तांबं घातलं की काम ९१० च्या आसपास होतं. शिवाय वस्तू शुद्ध सोन्यापेक्षा कडक होते. मेणाचा नमुना करून ओतकाम करणाऱ्याला आणखी काय हवं? एकच गोष्ट, तांबं वाढलं की रंग तांबूस होतो.

मग ते वस्तू तापवायचे. तापल्यावर पृष्ठभागावरच्या तांब्याचं ऑक्साइड होतं, सोन्याला काहीच होत नाही. आता वस्तू आंबट वनस्पतीच्या रसात टाकायची. रसातलं आम्ल ऑक्साइड विरघळवून घेऊन जातं. पुन्हा तापवा, पुन्हा रस. प्रत्येक फेरीत वरच्या थरातलं थोडं तांबं कमी. शेवटी वर उरतो सोन्याचा मंद, सच्छिद्र थर. तो घोटला की झळाळी येते. बाहेरून मुलामा काहीच चढवलेला नाही, सोनं आतलंच! अभ्यासकांच्या मते हा रस ऑक्सॅलिस कुळातल्या वनस्पतीचा असावा. म्हणजे आपल्या कुंडीत न लावता उगवणाऱ्या आंबुशीची चुलत बहीण. (मिश्रणात चांदी जास्त असेल तर मात्र नुसत्या रसाने भागत नाही, ती काढायला खनिज क्षार लागतात.)

आता गंमत बघा. गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो हा स्पॅनिश अधिकारी १५१४ मध्ये तिकडे गेला. काम काय, तर सोनं वितळवण्यावर देखरेख! १५२६ च्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिलं की हे लोक एका वनस्पतीने हलक्या सोन्याला असा रंग आणतात, की युरोपातल्या सोनाराला ही युक्ती कळली तर तो श्रीमंत होईल. वनस्पती त्याला दाखवलीही गेली. कृती मात्र कोणी सांगितली नाही. का सांगावी? समोरचा माणूस तुमच्या वस्तू भट्टीत घालायला आलाय.

स्पॅनिश लोकांचा हिशोब सरळ होता. १४९८ च्या सुमारास कोलंबसने असा धातू स्पेनला तपासायला पाठवला. ३२ भागांत १८ सोनं, ६ चांदी, ८ तांबं. म्हणजे साडेतेरा कॅरेट, म्हणजे हलका माल. पण कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांना हाच तांबूस धातू शुद्ध सोन्यापेक्षा मोलाचा वाटायचा. त्याचा रंग आणि वासही त्यांना प्रिय होता.

एमआयटीच्या हेदर लेक्टमन यांनी अँडीज पर्वतातल्या अशा वस्तूंचा धातुशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की मुलामा चढवणं या कारागिरांना येत नव्हतं असं नाही. पण वस्तूचं बाह्यरूप तिच्या अंतरंगातूनच वर यायला हवं, अशी त्या समाजाची धारणा होती. मला हे वाचून जरा लाजच वाटली. कारण आधी मीही मनात 'भेसळ' म्हणून मोकळा झालो होतो.

वितळवलेल्या वस्तू परत येत नाहीत. वाचलेल्या आज बोगोटाच्या सोन्याच्या संग्रहालयात बघता येतात. पण रस किती घट्ट, किती वेळ, किती फेऱ्या, हे सगळं हातांमध्ये होतं आणि बरंचसं हातांबरोबरच गेलं. डॉक्युमेंटेशन शून्य!

असो. आईला विचारलं, चिंचच का? लिंबू का नाही? म्हणाली, "चिंच अंगाला धरून राहते रे, लिंबू वाहून जातं. आणि चिमूटभर मीठ विसरायचं नाही."

मीठ मला माहीतच नव्हतं. लिहून ठेवलंय.