बांधकाम प्रकल्पांतील कामगार-मालक सहकार्य

धरण, कालवा, राजमार्ग यांसारख्या विस्तीर्ण कामांवर वेतन, सुरक्षितता व कल्याण यांविषयी कामगार संघटना आणि मालक यांनी परस्परसंमतीने स्वीकारलेली व्यवस्था. गिरणीत मालक एक व कामगार कायम असतो. बांधकामात मात्र काम सरताच मजुराचा मालक बदलतो आणि दोघांमध्ये कंत्राटदार व मुकादम उभे असतात, त्यामुळे हे सहकार्य एका आस्थापनेच्या करारात न मावता शासनाच्या मध्यस्थीने त्रिपक्षीय स्वरूप धारण करते.

उदाहरणार्थ, परभणी जिल्ह्यात मोठ्या बांधकामांचा मालक प्रामुख्याने सरकारच राहिले. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरील येलदरी धरण १९६८ मध्ये पुरे झाले. पुढे जायकवाडी प्रकल्पाचा सुमारे २०८ किमी. लांबीचा डावा कालवा जिल्ह्यात आला आणि सेलू तालुक्यात निम्न दुधना प्रकल्प उभा राहिला. शासकीय कामांवरील रोजंदारी मजुरांच्या बाबतीत १९६७ ची ‘कालेलकर तडजोड’ महत्त्वाची ठरली. सार्वजनिक बांधकाम व पाटबंधारे खात्यांत सलग पाच वर्षे सेवा केलेल्या मजुरास रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर घेण्याचे तत्त्व तिने प्रस्थापित केले. तथापि ज्याचे नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर, त्याच्यापर्यंत तिचा लाभ पोहोचला नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग हमालांच्या संदर्भात १९६९ च्या माथाडी अधिनियमाने आधीच दाखविला होता. १९९६ च्या केंद्रीय कायद्यांनी तोच बांधकाम-मजुरांसाठी अवलंबिला : राज्य कल्याणकारी मंडळावर शासन, मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असावेत आणि बांधकाम-खर्चाच्या किमान एक टक्का उपकर मालकाने भरावा, असे ठरले. त्यांखालील महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही उपकर व मंडळ ही दोन्ही अंगे कायम ठेवली.

व्यवहारात मात्र साऱ्याची किल्ली एका कागदात आहे. १८ ते ६० वयाच्या गवंड्यास अथवा बिगाऱ्यास मंडळाकडील नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो कंत्राटदाराने, किंवा गावी ग्रामसेवकाने, द्यावयाचा असतो. आणि मुकादमाकडून उचल घेऊन कामाच्या ठिकाणांमागे फिरणाऱ्या मजुरास तो मिळविणे सर्वांत कठीण जाते. उपकर मालकाकडून वसूल होतो, पण मजूर नोंदला गेला नाही तर त्या निधीवर त्याचा हक्क पोहोचत नाही. म्हणून मंडळावरील प्रतिनिधित्वाइतकेच कामाच्या जागी हजेरीची खातरजमा करून दाखला मिळवून देणे हे संघटनेचे, आणि तो विनातक्रार देणे हे मालकाचे, या भागीदारीतील मुख्य कर्तव्य ठरते.