डिलीट केलेली नोंद जाते कुठे? फॉक्सप्रो नसताना जुनी फाइल वाचताना

समजा, २००८ च्या कर्जमाफीवर काम करताना बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या सेवा सहकारी सोसायटीची कर्जदार यादी तुमच्या हाती आली. वही नाही, पेनड्राइव्हवर डीबीएफ फाइल. ती ज्या फॉक्सप्रोत बनली, ते आता कुणाकडे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या जानेवारीत त्याचा आधारही थांबवला.

घाबरू नका. मूळ फाइल तशीच ठेवा, प्रत करा आणि ती लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडा. नावं अगम्य दिसली म्हणजे फाइल बिघडली असं नाही. त्या काळी मराठी मजकूर बऱ्याचदा इस्की संकेतात किंवा एखाद्या फॉन्टच्या स्वतःच्या संकेतात साठवलेला असे. तो ओळखून युनिकोडमध्ये आणावा लागतो.

इतिहासाचं काम मात्र इथून पुढे सुरू होतं. डीबीएफमध्ये नोंद 'डिलीट' केली तरी ती लगेच पुसली जात नाही. तिच्या पहिल्या बाइटमध्ये रिकाम्या जागेऐवजी फुली (*) पडते, एवढंच. 'पॅक' ही आज्ञा देईपर्यंत मजकूर तिथेच राहतो. पडद्यावर तो सहसा दिसत नाही. म्हणून प्रत हेक्स एडिटरमध्येही पाहा.

एका फुलीचं एवढं काय? केंद्राच्या त्या योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचं पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ होतं. त्यावरच्याला आधी उरलेली रक्कम भरायची, मग सूट. कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू घरात यादीतल्या नावाला किती किंमत होती, हे वेगळं सांगायला नको.

फुली असलेली नोंद सांगते की हे नाव कधीतरी यादीत होतं. ते का काढलं, हे ती सांगत नाही. नोंद दुबार असेल, कर्ज फिटलं असेल, घोळही असेल. फुलीवरून आरोप करू नका. गटसचिवांना विचारा, खतावणी पाहा, सातबाऱ्यावर बोजा आहे का बघा. फाइलच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटमध्ये शेवटच्या बदलाची तारीख असते. तीही टिपा, पण संगणकाचं घड्याळ चुकलेलं असू शकतं हे विसरू नका.

प्रबंधात कर्जदारांची नावं देऊ नका. किती नोंदी दिसल्या आणि किती फुलीखाली सापडल्या, हे मात्र जरूर लिहा. नाहीतर यादीतून गेलेला माणूस आपल्या इतिहासातूनही जातो.