पाच हजार टन औषधे आणि एक पेटी

मोठा भूकंप झाला की जगभरातून मदत निघते. मदत लवकर पोहोचली पाहिजे याबद्दल कोणाचेच दुमत नसते. परंतु संकटाच्या जागी लवकर पोहोचणे आणि तेथे लवकर उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक जगाला ज्या घटनांनी शिकवला, त्यांत १९८८ सालच्या आर्मेनियातील भूकंपाचे स्थान महत्त्वाचे आहे.

७ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांनी, तेव्हा सोव्हिएत संघराज्यात असलेल्या आर्मेनियाच्या उत्तर भागाला ६.८ महत्तेच्या भूकंपाचा धक्का बसला. स्पिटाक हे शहर जवळजवळ संपूर्ण जमीनदोस्त झाले. लेनिनाकान (आजचे ग्युमरी) येथे कारखान्यात तयार केलेले काँक्रीटचे भाग जोडून उभारलेल्या नऊमजली इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या. वेळ शाळेची होती, त्यामुळे वर्गात बसलेली असंख्य मुले व त्यांचे शिक्षक ढिगाऱ्याखाली गेले. रुग्णालये पडली, कित्येक डॉक्टर मृत्युमुखी पडले. मृतांची संख्या किमान २५ हजार होती.

सोव्हिएत सरकारने परदेशांची मदत स्वीकारली आणि अनेक देशांची विमाने येरेवानकडे झेपावली. विमानतळावर ताण आला. ११ डिसेंबरला सैनिकांना घेऊन येणारे एक सोव्हिएत विमान कोसळून सत्तरहून अधिक जण ठार झाले. दुसऱ्याच दिवशी मदतसामग्री आणणारे एक युगोस्लाव विमान पडले.

औषधांची कथा तर अधिकच बोलकी आहे. सुमारे ५ हजार टन औषधे व वैद्यकीय साहित्य आर्मेनियात येऊन पडले. त्यांपैकी जेमतेम ३० टक्के माल लगेच वापरण्याजोगा होता. उरलेल्यात मुदत संपलेली, निकड नसलेली, नीट न लावलेली औषधे होती. खोक्यांवरील नावे २१ भाषांत होती. कोणत्या खोक्यात काय आहे याचा अंदाज येण्यासाठी ५० माणसांना सहा महिने काम करावे लागले आणि शेवटी २० टक्के माल नष्ट करावा लागला. हे सारे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण जखमी माणसाला हवे असलेले औषध शंभर मीटरवरच्या गोदामात असून ते सापडत नसेल, तर विमानाने वाचवलेल्या तासांचा उपयोग काय?

या प्रश्नाचे एक उत्तर निर्वासितांच्या छावण्यांत काम करणाऱ्या संस्था आधीपासूनच शोधत होत्या. प्रत्येक संकटानंतर नव्याने यादी करण्याऐवजी यादी आधीच करून ठेवता येईल का? घर सोडावे लागलेल्या लोकांत पहिल्या काही आठवड्यांत अतिसार, श्वसनमार्गाचे विकार, हिवताप, त्वचेचे रोग व जखमा हेच आजार प्रामुख्याने दिसतात. म्हणजे लोकसंख्या ठाऊक असेल तर औषधांची गरज बरीचशी आधी मोजता येते. जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांच्या सहकार्याने १९९० साली प्रसिद्ध केलेली आणीबाणीची आरोग्यपेटी याच हिशेबावर बेतलेली होती.

ही पेटी १० हजार लोकांना ३ महिने पुरावी अशी रचलेली होती. १९९८ च्या आवृत्तीत तिचे एकूण वजन सुमारे ८६० किलो आणि आकारमान ४ घनमीटर होते. तिचे दोन भाग होते. पहिल्या भागात एक हजार लोकांसाठी एक असे १० संच. प्रत्येकाचे वजन ४५ किलो. त्यांत इंजेक्शनाचे एकही औषध नव्हते, कारण हे संच थोडेसे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेवकाच्या हाती द्यायचे होते. दुसरा, ४१० किलोचा पूरक भाग डॉक्टरांसाठी होता. सगळी औषधे सर्वसामान्य नावांनी, एकाच पद्धतीच्या वेष्टनात व उपचारांच्या सूचनांसह. खोके उघडण्यापूर्वीच आत काय आहे हे ठाऊक असल्यामुळे निवडानिवडीचा प्रश्नच उरत नव्हता.

जे औषधांचे तेच माणसांचे. मेक्सिको (१९८५) आणि आर्मेनिया येथे परदेशी शोध व बचाव पथके मोठ्या उमेदीने आली. पण कोणी कोठे काम करायचे, कोणती इमारत तपासून झाली आहे, हे ठरवणारी समान पद्धत नव्हती. तेथे काम केलेल्या पथकांच्याच पुढाकाराने १९९१ साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली एक आंतरराष्ट्रीय सल्लागार गट स्थापन झाला. त्याने पथकांची प्रतवारी केली. ‘जड’ प्रतीच्या पथकाला एकाच वेळी दोन ठिकाणी, रात्रंदिवस, १० दिवस काम करता आले पाहिजे. आणि स्वतःचे अन्न, पाणी, निवारा, इंधन त्याने बरोबर आणले पाहिजे. संकटग्रस्तांच्या तुटपुंज्या साठ्यात वाटेकरी वाढू नयेत हा त्यामागचा उद्देश. तपासलेल्या इमारतीवर ठरावीक चौकोन रंगवून त्यात ठरावीक खुणा करायच्या, म्हणजे भाषा वेगळी असलेल्या पुढच्या पथकालाही त्या वाचता येतात.

वैद्यकीय पथकांच्या बाबतीत हाच धडा हैतीमधील २०१० च्या भूकंपानंतर पुन्हा गिरवावा लागला. तेथे अनेक पथकांच्या कामाचा दर्जा व नोंदी समाधानकारक नव्हत्या. त्यानंतर २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा पथकांचे तीन प्रकार आणि प्रत्येकासाठी किमान निकष ठरवले.

तरीही एक मर्यादा राहतेच. आर्मेनियात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी जवळजवळ ९० टक्के लोक पहिल्या २४ तासांतच बाहेर काढले गेले होते. दुसऱ्या देशातील पथक एवढ्या वेळात क्वचितच पोहोचते. २०१५ च्या नेपाळ भूकंपात बाहेरच्या देशांतून ७६ पथके आली. त्यांच्या हातून जिवंत बाहेर निघाले १६ जण. त्या १६ जणांच्या दृष्टीने ही पथकेच सर्वस्व होती, यात शंका नाही. परंतु बाकीच्यांना बाहेर काढले ते शेजाऱ्यांनी, हातांनी, पहारींनी आणि फावड्यांनी.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. काँक्रीटची इमारत पडताना तुळया व स्लॅब यांच्यामध्ये पोकळ्या राहू शकतात. माती मात्र पोकळी भरून टाकते. अशा ठिकाणी तर मिनिटांचाच हिशेब असतो. किल्लारीनंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे तयार होऊ लागले. भूज (२००१) आणि त्सुनामी (२००४) यांच्यानंतर २००५ चा कायदा आला. २००६ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. हे दल २०१५ साली नेपाळला आणि २०२३ साली तुर्कस्तानला गेले. ‘भीष्म’ हा भारतीय संचही पेटीच्याच कल्पनेचा पुढचा टप्पा आहे. सुमारे २०० जखमींवर उपचार करता येतील एवढे साहित्य त्यात ७२ छोट्या खोक्यांत विभागलेले असते, आणि एकेक खोके एका माणसाला उचलता येते.

हा विषय वर्गात घेण्यासारखा आहे आणि त्याला लागणारे गणित पाचवीच्या मुलांनाही येते. आणीबाणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागते असे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. गावाची लोकसंख्या दोन हजार असेल तर दिवसाला ३० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे तीन टँकर. २० माणसांमागे एक या प्रमाणाने तात्पुरती शौचालये किती लागतील? गावात पहारी, टिकाव, जॅक, दोर, शिड्या कोणाकडे आहेत? रात्री दोन वाजता शाळेची किल्ली कोणाकडे मिळेल? मुलांनी ही यादी करून ग्रामपंचायतीत लावावी आणि दरवर्षी तपासून पाहावी. बाहेरचे पथक येईपर्यंतचे पहिले २४ तास गावाला याच यादीवर काढायचे असतात.