उकिरड्यापासून आधारवाडीपर्यंत

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. घरातल्या केरसुणीलाही इतिहास असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आपल्या कल्याण परिसराचा हा इतिहास मात्र जाणून घेण्याजोगा आहे, कारण त्यात आपल्या प्रत्येकाचा हात आहे.

पूर्वीच्या घरातून निघणारा केर म्हणजे चुलीतील राख, भाजीची देठे, तूस आणि शेणकूट. राखेने भांडी घासली जात, मोरीचे पाणी परसातील केळींना मिळे आणि उरलेले सारे उकिरड्यावर पडे. पावसाळ्यापूर्वी त्याचेच खत शेतात जाई. फाटक्या लुगड्याची गोधडी होई, जुने कपडे बोहारीण घेऊन जाई, पंगत पत्रावळीवर उठे. त्या काळाचे नुसते गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. नगरातील मैला माणसाच्या डोक्यावरून वाहिला जात होता आणि ते काम जातीने ठराविक लोकांच्या माथी मारले होते. या प्रथेविरुद्ध देशव्यापी कायदा व्हावयास 1993 साल उजाडले.

1 मे 1854 रोजी आगगाडी कल्याणला पोहोचली आणि पुढच्याच वर्षी येथे नगरपालिका आली. गाव वाढत गेले तसे परस नाहीसे झाले. केर टाकावयाची जागा गावाबाहेर, खाडीकाठच्या आधारवाडीला गेली. 1983 साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. त्याच सुमारास केराचे रूपही पालटू लागले. दुधाच्या बाटलीची जागा पिशवीने घेतली, वाण्याच्या कागदी पुडीची जागा प्लास्टिकने. उकिरड्यात जिरणार नाही अशी वस्तू प्रथमच रोज घरात येऊ लागली.

तिचा हिशेब विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी चुकता करावा लागतो. अंबरनाथजवळ काकोळ्याकडून येणारी वालधुनी उल्हासनगरमधून विठ्ठलवाडीला येते आणि पुढे कल्याणच्या खाडीला मिळते. वरच्या गावाने नाल्यात टाकलेले खालच्या गावाच्या दारी येते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि वालधुनीकाठची वस्तीही पाण्यात गेली. तुंबलेल्या गटारांत पिशव्यांचे बोळे सापडले. त्यानंतर शासनाने पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले आणि 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आणली.

ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे ही कल्पना काही आजची नव्हे. पॅरिसचे प्रशासक यूजेन पुबेल यांनी 1883 साली प्रत्येक घरमालकाने झाकणाचे डबे ठेवावेत असा हुकूम काढला. अन्नाचे अवशेष, कागद-चिंध्या आणि काच-शिंपले यांसाठी निरनिराळे डबे हवेत, असे त्यात होते. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. त्यांची वर्गवारी मात्र लोकांच्या अंगवळणी पडली नाही.

आपल्याकडेही तेच घडले. अल्मित्रा पटेल यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर 2000 साली घनकचऱ्याचे नियम आले. नियम कागदावर राहिले आणि आधारवाडीचा डोंगर वाढत गेला. एप्रिल 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, कचऱ्याची व्यवस्था होत नाही म्हणून, कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. ती सुमारे वर्षभराने उठली. मार्च 2018 मध्ये डोंगराला आग लागली आणि भोवतालची घरे कित्येक दिवस धुराने कोंडली.

मे 2020 पासून महापालिकेने न वेगळा केलेला कचरा नाकारण्याचे धोरण धरले. वेंगुर्ल्यात असा प्रयोग यशस्वी करून आलेले रामदास कोकरे या कामात पुढे होते. वर्षभरात, मे 2021 मध्ये, आधारवाडीवर नवा कचरा टाकणे थांबले. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. आधारवाडीला त्याहून कितीतरी अधिक काळ वाट पाहावी लागली.

तथापि वर्गीकरणाने कचऱ्याची वाट बदलते, त्याचे माप घटत नाही. आधारवाडीऐवजी गाड्या उंबर्डे, बारावे येथील प्रकल्पांकडे वळल्या, एवढेच. आपल्या आजीच्या घरी कचरा कमी होता, कारण तो घरात येतच कमी होता. कचऱ्याचा निर्णय वस्तू फेकताना होत नाही. ती उंबरठा ओलांडून आत येते तेव्हाच झालेला असतो.

म्हणून बाजाराला निघताना कापडी पिशवी आणि मासळीसाठी झाकणाचा डबा सोबत घ्यावा. घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. तळाला भोके पाडलेल्या कुंडीत त्याचे व वाळक्या पाल्याचे थर दिले, तर दीड-दोन महिन्यांत खत होते. वास आला तर पाणी जास्त झाले असे समजून पाला वाढवावा. धर्मग्रामाच्या सणाला आणि लग्नाच्या मांडवात थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी स्टीलची ताटे काढावीत; ती घासावयास चार हात पुढे आले म्हणजे झाले. पाच हजारांच्या जेवणानंतर प्रभूने उरलेले तुकडे वेचावयास लावले, आणि बारा टोपल्या भरल्या. चमत्कार घडल्यावरही नासाडीला मुभा नव्हती.

आपण बाहेर टाकलेले कोणाच्या तरी हाती लागतेच. काच कोठे आहे हे ठाऊक नसताना पिशवीत हात घालणारी कचरावेचक स्त्री आपल्याच गावची, आपली शेजारीण आहे. तिचा हात कापू नये एवढी काळजी प्रत्येक घराने घेतली, तरी या इतिहासाला निराळे वळण लागेल.