रक्तातली शिस्त

आमचा पुतण्या सहा वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त स्टॉकहोमला गेला. गेल्या दिवाळीत तो घरी आला, तेव्हा विमानतळापासून घरापर्यंत टॅक्सीत डोळे मिटून बसला होता. प्रवासाचा शीण असेल असे मला वाटले. अलका टॉकीजच्या चौकात मी विचारले तेव्हा म्हणाला, "काका, शीण नाही, बघवत नाही."

मग भाऊबीजेच्या दिवशी फराळाच्या ताटावर त्याने निकालच देऊन टाकला. "आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही. तिकडे ती रक्तातच असते."

चकली मोडता मोडता सर्वांनी माना डोलावल्या. माझ्या आईनेही डोलावली, आणि तिला तसे कारणही आहे. आमच्या समोरचे गणपतीचे देऊळ घरापासून फार तर चाळीस पावलांवर. मधला रस्ता एकेरी वाहतुकीचा. दोन वर्षांपूर्वी त्या एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेने आलेल्या एका स्कूटरने तिला पाडले. हाड मोडले नाही, पण तिचे एकटीने देवळात जाणे मात्र तेव्हापासून मोडले.

मी पडलो इतिहासाचा जुना मास्तर. रक्ताच्या गोष्टी कोणी सांगू लागला की माझा हात आपोआप पुस्तकांच्या कपाटाकडे जातो.

आता वाचकहो, रस्त्यावरच्या गोंधळाचे खापर मोटारीवर फोडण्याची आपली रीत आहे. परंतु मोटारीच्या कितीतरी आधी रोम शहर गाड्यांनी बेजार झाले होते. ज्युलियस सीझरच्या काळातल्या, इसवी सनापूर्वी 45 च्या सुमाराच्या एका कायद्याने सूर्योदयापासून दुपार कलेपर्यंत शहरात मालाच्या गाड्यांना बंदी घातली. देवळांच्या बांधकामाचा माल, विजयाच्या मिरवणुका अशांना तेवढी सूट. सूट कुणाला हा प्रश्न बंदीइतकाच जुना आहे, हे लक्षात घ्या. झाले काय, की दिवसा अडकणाऱ्या गाड्या रात्री अडकू लागल्या. पुढे दीडशे वर्षांनी जुव्हेनल नावाच्या कवीने कुरकुर केली, की अरुंद वळणांवर कोंडलेल्या गाड्या आणि त्यांच्या हाक्यांची शिवीगाळ यांमुळे रोममध्ये झोप येणे अशक्य! पुण्यातल्या कोणत्याही पेठेत तो कवी आज बिऱ्हाड करून राहिला असता, तर त्याला परके वाटले नसते.

पण पुतण्याला रोमचे कौतुक नव्हते. "ते जुने झाले. इंग्रज माणूस बघा, रांग सोडत नाही," असे तो म्हणाला. तेव्हा मी इंग्रजांकडे वळलो. आणि खरे सांगायचे तर या विषयात इंग्रजांइतके मनोरंजक कोणी नाही.

1865 साली विलायतेत कायदा झाला, की रस्त्यावरून वाफेचे यंत्र चालले तर त्याच्यापुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे. वेगाची मर्यादा गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन. आपल्या पालख्या याहून वेगाने जातात. तो काळ सरत असतानाच, ऑगस्ट 1896 मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक बाई लोकांना सैर घडविणाऱ्या मोटारीखाली सापडून गेली. विलायतेत मोटारीने घेतलेला पादचाऱ्याचा हा पहिला बळी. गाडीचा वेग जेमतेम ताशी चार मैलांचा होता असे चौकशीत सांगण्यात आले. पण घोड्यांच्या सवयीच्या डोळ्यांना तोही भयंकर वाटला. निकाल अपघाती मृत्यूचा लागला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवा कायदा अमलात आला, वेगाची मर्यादा चौदा मैलांपर्यंत चढली, आणि त्या आनंदात हौशी मंडळींनी लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारी पिटाळल्या.

1903 सालच्या कायद्याने परवाना आला. परीक्षा नाही, पाच शिलिंग भरा आणि परवाना घ्या. वेगाची मर्यादा वीस मैल झाली, आणि पोलीस घड्याळे घेऊन कुंपणाआड लपू लागले. यावर शिस्तप्रिय इंग्रज मोटारवाल्यांनी काय करावे? त्यांनी 1905 साली ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन केली आणि पगारी माणसे सायकलवर बसवून रस्तोरस्ती धाडली. पोलीस लपले असले की सभासदांना आगाऊ इशारा द्यायचा, हे त्यांचे काम. 1910 मध्ये न्यायालयाने हा इशारा गुन्हा ठरवला. तेव्हा संस्थेने उपाय काढला, तो चाणक्याला शोभावा असा: आमचा माणूस प्रत्येक सभासदाला सलाम करील, ज्या दिवशी सलाम केला नाही, त्या दिवशी सभासदाने थांबून कारण विचारावे. म्हणजे सलाम मिळाला तर पिटाळा, न मिळाला तर पुढे पोलीस! सलाम न करणे हा गुन्हा कोणते न्यायालय ठरवणार? आपल्याकडे समोरचा अनोळखी गाडीवाला दिवा मिचकावतो आणि आपण समजतो की पुढे मामा उभे आहेत. पुतण्या इथे पहिल्यांदा हसला.

पुढचे मात्र हसण्यासारखे नाही. 1930 साली पार्लमेंटने मोटारींवरची वेगमर्यादाच उठवली. सभ्य माणसाला मर्यादा कशाला, ही भावना. 1934 या एका वर्षात तिथे 7,343 माणसे रस्त्यावर मेली. तेव्हा ताशी तीस मैलांची मर्यादा वस्तीत परत आणावी लागली आणि 1935 पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. महायुद्धात काळोख पाळण्यासाठी दिवे झाकले गेले, आणि 1941 साली हा आकडा 9,169 वर गेला. आता मोटारी दसपटीहून अधिक झाल्या, आणि तरी 2023 मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर साधारण सोळाशे माणसे दगावली. आपल्या देशात 2022 साली हीच संख्या 1,68,000 च्या वर होती. एवढ्या वर्षांत इंग्रजाचे रक्त काही बदलले नाही.

"पण स्वीडनचे तसे नाही," पुतण्या हट्टाला पेटला.

स्वीडनचेच सांगतो. तिथे वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालत. मात्र गाड्यांची चक्रेही बहुतेक डावीकडेच असत, आणि शेजारचे देश उजवीकडून चालत. समोरून येणारे वाहन चालकाला नीट दिसेना. (पोर्तुगालने 1928 मध्ये उजवी बाजू धरली, पण ब्रिटिश हिंदुस्थानाला लागून असलेल्या गोव्याला डावीकडेच ठेवले, तो शहाणपणा होता.) 1955 मध्ये स्वीडिश जनतेला विचारले, बाजू बदलायची का? शेकडा 83 लोक म्हणाले, मुळीच नाही. तरी सरकारने ठरवले, आणि रविवार 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे पाचला सारा देश डावीकडून उजवीकडे गेला. त्याआधी दहा मिनिटे रस्त्यावर असतील नसतील तेवढ्या गाड्या थांबल्या, हळूच पलीकडच्या बाजूला गेल्या आणि घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. दुधाच्या खोक्यांवर त्या बदलाचे चिन्ह छापले होते, त्यावर गाणेसुद्धा केले होते.

आता प्रेते मोजावी लागणार असे अनेकांना वाटले. झाले उलटेच. अपघात घटले! जो तो बिचकत, इकडेतिकडे पाहत, हळू चालवत होता. आणि मग? नवी बाजू अंगवळणी पडली, भीती गेली, आणि दोनच वर्षांत अपघात पूर्वपदावर आले. तेच लोक, तेच रक्त!

तिथल्या राज्यकर्त्यांनी पुढे माणसाच्या सद्गुणांवर भिस्त ठेवणे सोडले. 1997 मध्ये त्यांच्या संसदेने ठरवले, की माणूस चुकणारच. तेव्हा रस्ताच असा करा, की चुकीला मरण ही शिक्षा नसावी. अरुंद हमरस्त्यांच्या मधोमध तारेचे कठडे घातले, म्हणजे डुलकी लागलेला चालक समोरच्यावर जाऊन आदळणार नाही. चौकांत वाटोळी बेटे केली, गाडीला सावकाश व्हावेच लागते. 2023 मध्ये त्या सबंध देशात सव्वादोनशेच्या आसपास माणसे रस्त्यावर मेली.

पुतण्या गप्प झाला. त्याला पटले असे मात्र मी म्हणणार नाही. तो बराच वेळ मोबाईलमध्ये माझे सनावळ्यांचे दाखले तपासत होता.

चार दिवसांनी सकाळी दूध संपले, म्हणून तो माझी स्कूटर घेऊन निघाला आणि पाच मिनिटांत पिशवी घेऊन परत आला.

"इतक्यात आलास?" मी विचारले.

"तो पुढचा वळसा फार लांब पडतो हो, काका. उलटाच आलो. रस्ता मोकळा होता."

आई झोपाळ्यावर वाती वळत बसली होती. तिने मान वर केली, नातवाकडे पाहिले आणि पुन्हा वाती वळू लागली. पुतण्याचा हात किल्लीसकट खुंटीपाशीच थांबला.

संध्याकाळी तो आजीला हाताला धरून देवळात घेऊन गेला. मी गॅलरीतून पाहत होतो. रस्ता एकेरी आहे. पण दोघेही बराच वेळ कडेला उभी राहून दोन्ही बाजूंना पाहत होती.