कुणबीण, बटीक आणि गुलाम : सातारा प्रांताच्या संदर्भात एक शब्देतिहास

जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी निरपेक्षपणे झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले. कापसाच्या व उसाच्या मळ्यांवरील ते दास्य १८६५ च्या घटनादुरुस्तीने संपुष्टात आले, त्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षे लोटली होती. ह्या अर्पणपत्रिकेत फुल्यांच्या विश्वबंधुत्वाचा प्रत्यय येतो, असे म्हटले जाते व ते योग्यच आहे. तथापि, दास्याचा दाखला शोधण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागावे, इतका महाराष्ट्र दास्याशी अपरिचित होता काय? तसे मुळीच नव्हते. मग जवळचा दाखला बाजूस का राहिला, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर काही अंशी शब्दांच्या इतिहासात सापडते.

फुल्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचे, तर सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव. दोघांचीही मुळे सातारा प्रांतात होती. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्याहून विस्तृत असून वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच मोडत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. ह्या मुलखात साताऱ्यास छत्रपतींची गादी होती आणि सांगली-मिरजेस पटवर्धनांचे सरंजाम होते. मराठी राज्यातील वाड्यांत, किल्ल्यांवर, पागांत व कोठ्यांत दळण, कांडण आणि पाणी भरणे ही कामे दासींकडून करून घेतली जात. दुष्काळात विकलेल्या मुली व बदकर्माच्या आरोपावरून सरकारजमा केलेल्या स्त्रिया असा त्यांचा भरणा असे. त्यांची खरेदी-विक्री होई व तीवर जकातही आकारली जाई. अमेरिकेतील दास्याचे ठिकाण मळा हे होते, तर येथील दास्याचे ठिकाण घर हे होते. येथील दासांत स्त्रियाच बहुसंख्य होत्या.

ह्या स्त्रियांना कागदपत्रांत सामान्यतः ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’ म्हटलेले आढळते. ‘कुणबीण’ हे ‘कुणबी’ ह्या शब्दाचे सरळ स्त्रीलिंगी रूप होय. शेतकरी जातीच्या स्त्रीचे नाव आणि विकत घेतलेल्या दासीचे नाव भाषेने एकच ठेवले. मोल्सवर्थच्या कोशातही दासी हा अर्थ नोंदलेला आहे. कुणबिणीच्या पोटच्या संततीस ‘लेकावळे’ म्हणत. तेथेही मूळ शब्द ‘लेक’ हाच आहे. जातीचे नाव आणि नात्याचे नाव, ह्या दोन आवरणांखाली मालकी हक्क झाकला गेला. जी घरातलीच म्हणून ओळखली जाते, तिच्या दास्याविषयी प्रश्न उपस्थित होत नाही.

कायद्यानेही हा पडदा एकदम दूर झाला नाही. कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने दासावरील मालकी हक्क न्यायालयात अमान्य ठरविला. परंतु तेव्हा साताऱ्यास छत्रपतींचे राज्य होते व सांगली संस्थान होते, त्यामुळे तो कायदा तेथे आपोआप लागू झाला नाही. १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. गुलामांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविणारी दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून ब्रिटिश मुलखात अमलात आली. म्हणजे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली, तेव्हा कुणबिणी पाहिलेली माणसे ह्या प्रांतात हयात असणारच.

‘गुलाम’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा मूळ अर्थ ‘मुलगा’ असाच आहे. म्हणजे त्याच्याही उगमाशी ‘लेकावळा’ शब्दासारखेच घरगुती आवरण होते. मात्र फारसीमार्गे मराठीत येताना ते आवरण गळून पडले व मराठी भाषकाच्या कानी केवळ पराधीनता उरली. पत्त्यांच्या डावातील गुलामातही राजा-राणीच्या खालची पायरी एवढाच अर्थ आहे. फारसी ‘गिरी’ प्रत्यय लागून झालेले ‘गुलामगिरी’ हे भाववाचक नाम एका व्यक्तीच्या स्थितीपुरते मर्यादित न राहता संपूर्ण समाजरचनेस लावता येण्याजोगे होते. फुल्यांनी नेमके तेच केले. शूद्रातिशूद्र जिंकले जाऊन दास झाले आणि निग्रो पकडून नेले जाऊन दास झाले, भेद एवढाच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. घरगुती शब्दाने जे झाकले होते, ते उसन्या शब्दाने उघडे केले. त्याच वर्षी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. पुढे सातारा जिल्हा त्या चळवळीचे एक प्रमुख क्षेत्र बनला आणि भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापिलेली रयत शिक्षण संस्था त्याच परंपरेत उभी राहिली.

परंतु ह्या लाभाबरोबर एक हानीही झाली. मळ्यावर राबणाऱ्या गुलामाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवले, की कोठीत कांडण करणारी कुणबीण नजरेआड होते. फुले स्त्रियांविषयी उदासीन होते, असा ह्याचा अर्थ नव्हे. बालहत्या प्रतिबंधक गृह काढणाऱ्या आणि ताराबाई शिंदे यांची बाजू घेणाऱ्या पुरुषावर तो आक्षेप टिकणार नाही. मात्र ‘कुणबी’ शब्दाचे स्त्रीलिंगी रूप ‘दासी’ ह्या अर्थाने रूढ होते, हा त्यांच्या सिद्धांतास बळकटी देणारा भाषिक पुरावा असूनही ग्रंथाचा युक्तिवाद त्यावर उभारलेला नाही.

ह्यातून अभ्यासकास एक व्यावहारिक बोध घेता येईल. सातारा-सांगलीकडील जुन्या कागदांत केवळ ‘गुलाम’ हा शब्द शोधणाऱ्यास फारसे काही हाती लागणार नाही आणि ह्या प्रांतात दास्य नव्हतेच, असा निष्कर्ष तो काढून बसेल. त्याने कोठीचा खर्च, शिधा, जकात व खरेदीखते पाहावीत. तेथे ती स्त्री नोंदलेली असते. तिला दास म्हटलेले नसते, इतकेच.